मदत हवी आहे : पाहुण्यांना बागलाण दोन दिवसांत कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातलं, सटाण्याकडचं. ऑफिसात नव्याने आलेल्या चौघांना नाशिक म्हणजे फक्त पंचवटी आणि द्राक्षं एवढंच माहीत आहे. फार वाईट वाटतं हो! १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी, हे त्यांना तिथेच उभं राहून सांगायचंय. माथ्यावरच्या परशुरामाच्या पादुकाही दाखवायच्यात. किल्ला समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंच आहे, एकाचा गुडघा दुखतो. वाघांब्याकडून न्यावं की साल्हेरवाडीकडून? मुल्हेर गावची कोजागरीची रासक्रीडा जोडून घेतली तर गावात मुक्कामाची, पिठलं-भाकरीची सोय होईल का? बागलाणावर राज्य केलेल्या बागुल राजांबद्दल नीट सांगणारं कुणी जाणतं माणूस असेल तर नक्की कळवा.