सरगॅसममधून फ्युकॉइडन काढलं, पण प्लाझ्मा उलट लवकर गोठतोय

भरती_ओहोटी: एमएस्सी बायोकेमचा प्रोजेक्ट आहे, फ्युकॉइडनवर (तपकिरी समुद्री शेवाळातली, सल्फेट लागलेली साखरेची लांब साखळी). मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवरनं सरगॅसम (तसलंच एक तपकिरी शेवाळ) आणलं, गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलं, मिक्सरला पावडर केली. मग अल्कोहोलने रंग काढला, गरम पाण्यात अर्क घेतला, अल्जिनेट (शेवाळातला दुसरा चिकट पदार्थ) जावं म्हणून २ टक्के कॅल्शियम क्लोराइड घालून रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं तर मस्त पांढरट दोरे खाली बसले, मी जाम खूश. आणि आता एपीटीटी (प्लाझ्मा किती सेकंदात गोठतो ती टेस्ट) केली तर कंट्रोल ३२ सेकंद, माझं सॅम्पल २० च्या आत! एका ट्यूबमध्ये तर रिएजंट घालायच्या आधीच गोळा. फ्युकॉइडन रक्त पातळ करतं ना??

पिपेटवाला: डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून क्षार बाहेरच्या पाण्यात जाऊ देणं) केलंस का? पोस्टमध्ये कुठे दिसत नाहीये. सायट्रेट घातलेला प्लाझ्मा गोठत नाही कारण गोठायला लागणारं कॅल्शियम सायट्रेटने धरून ठेवलेलं असतं, आणि तू तेच कॅल्शियम पावडरीतनं परत आत सोडतेयस. फ्युकॉइडनवर सल्फेटचे निगेटिव्ह चार्ज, त्यांना ते घट्ट चिकटतं, नुसतं अल्कोहोलने धुऊन जात नाही. पिशवीत भरून आधी मिठाच्या पाण्यात ठेव, मग डिस्टिल्डमध्ये, पाणी बदलत रहा. मग आतलं थोडं घेऊन त्यात अमोनियम ऑक्झलेटचे दोन थेंब टाक, गढूळ झालं की कॅल्शियम अजून आहे.

लॅबमावशी: +१. आणि कोणी ॲसिडमध्ये उकळ म्हणालं तर ऐकू नको, सल्फेट गळतात आणि सगळी करामत त्यांचीच असते. हेपरिनचा (रक्त पातळ करायचं औषध) कंट्रोल लाव, पण बरोबरी होईल अशी आशा नको. हेपरिन अँटिथ्रॉम्बिनला कामाला लावतं, फ्युकॉइडन जास्त करून हेपरिन कोफॅक्टर दोनला, दोन्ही रक्तातली गोठणं रोखणारी प्रथिनं. किलिन या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे १९१३ मध्ये शेवाळातनं वेगळं काढलं, अजूनही प्रत्येक जातीचं वेगळं निघतं, त्यामुळे कुठलं शेवाळ, कुठल्या महिन्यातलं ते वहीत लिहून ठेव.

नारळपाणी: मध्येच विचारतो, बाबांना वॉरफरीन (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे, शेवाळाची पावडर दिली तर?

लॅबमावशी: अजिबात नको! शेवाळात व्हिटॅमिन के असू शकतं, ते वॉरफरीनच्या उलट काम करतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

भरती_ओहोटी: ऑक्झलेट टाकलं. पार ताकासारखं झालं. पिशव्या भिजत घातल्यात, सोमवारी सांगते.