दहा बाय बाराच्या खोलीसाठी तीन लाखांचे स्पीकर घ्यावेत का?

जीवारी, परभणी :
गेल्या महिन्यात पुण्यात एका स्नेह्यांकडे ‘एलएस ३/५ए’ या स्पीकरांची जोडी तासभर ऐकली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात, बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीसारख्या अडचणीच्या जागेतही माणसाचा आवाज नीट पारखता यावा म्हणून ही रचना केली आणि आजही काही कंपन्या परवाना घेऊन ती बनवतात. उंची जेमतेम एक फूट. पण ख्याल ऐकताना गायकाने समेआधी घेतलेला श्वास ऐकू आला आणि तंबोऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी उमटल्या. विक्रेत्याने स्टँडसह तीन लाख दहा हजार रुपये सांगितले आहेत. माझी खोली दहा बाय बारा फुटांची, खाली शहाबादी फरशी, भिंती सिमेंटच्या. सेवानिवृत्तीची रक्कम हाती आहे. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, एवढ्या पैशात साऱ्या घराची फरशी बदलून होईल. कृपया स्पष्ट मत द्यावे.

गोधडी, लातूर :
सर, घेऊ नयेत. आपण पुण्यात जे ऐकलेत, त्यात त्या खोलीचाही मोठा वाटा होता. तिथे गालिचा, जाड पडदे, पुस्तकांची कपाटे असणारच. आपल्या खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. टाळीमागे जी झणझण रेंगाळते, ती गायकाच्या प्रत्येक तानेवर चढणार आहे, मग स्पीकर तीन लाखांचे असोत वा तीन हजारांचे. शिवाय बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपने) आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला आवाज भिंतींमध्ये अडकून घुमतो, हे गणित कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. आणि पंख्याचे काय करणार? परभणीत मार्च ते जून कूलरशिवाय बसवत नाही. त्या घरघरीत समेआधीचा श्वास कुठून ऐकू येणार?

काळी एक, छत्रपती संभाजीनगर :
पंख्याचा मुद्दा मान्य आहे, पण खोलीचे गणित गोधडी यांच्याच विरुद्ध जाते. हा स्पीकर म्हणजे हवेसाठी भोक नसलेली बंद पेटी आहे आणि साधारण ८० हर्ट्झच्या खाली तिचा आवाज आपोआप उतरत जातो, त्यामुळे ४७ आणि ५६ हर्ट्झचा घुमारा उठवायला तिच्यात फारसे बळच नाही. लहान खोलीत मोठे स्पीकर आणणाऱ्यांना जो त्रास होतो, तो इथे टळतो.
मी गाते, म्हणून स्वरांच्या भाषेत सांगते. काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज (सा) सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. कागदावर पाहिले तर हा स्पीकर खर्जाला न्याय देणार नाही असे वाटेल. प्रत्यक्षात मात्र जवारी लागलेल्या, म्हणजे झणकारणाऱ्या तारेचे तेज तिच्या स्वयंभू स्वरांत, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांत असते आणि ते स्वर शुद्ध पोहोचले की मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो स्वतः भरून काढतो. सर, तुम्ही ख्यालच ऐकणार असाल, तर कंठाच्या आवाजासाठी याहून योग्य जोडी लहान खोलीत क्वचितच सापडेल.

ओहम, नांदेड :
ताईंचे खर्जाचे विवेचन पटले, पण डग्ग्याचे काय? त्याचा घुमारा खालच्या स्वरांतच असतो आणि तो उतरला की ठेका निम्मा होतो. दुसरे म्हणजे या जोडीची संवेदनशीलता, म्हणजे ठराविक वीज दिल्यावर निघणारा आवाज, ८३ डेसिबलच्या आसपास आहे. ८९ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला तिला चौपट वॅट लागतात, म्हणजे चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वेगळाच.
ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले, तेव्हा समोरचा आवाज सपाट (खालचे-वरचे सर्व स्वर सारख्याच पातळीचे) आणि बाजूंना जाणारा आवाज सुरळीत असलेले स्पीकर लोकांना आवडले. समोर स्पीकर दिसत असले की गुण बदलतात, हेही पुढे दिसून आले. सर, तुम्ही बीबीसी हे नाव ऐकून मग स्पीकर ऐकलेत. आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण पारखायचे स्पीकर, लाखाच्या आत मिळतात. मी तेच वापरतो.

काळी एक, छत्रपती संभाजीनगर :
आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की अख्खा स्पीकर मुंबईला पाठवावा लागतो, हेही सांगावे.

ओहम, नांदेड :
सांगतो. मागच्या उन्हाळ्यात विजेचा दाब वरखाली होऊन एका मॉनिटरचा पॉवर सप्लाय गेला आणि दुरुस्त होऊन यायला अडीच महिने लागले. तेव्हापासून स्टॅबिलायझर लावला आहे. तरीही मत तेच.

जीवारी, परभणी :
सर्वांचे आभार. काल पंखा बंद करून टाळी वाजवली; झणझण स्पष्ट ऐकू आली. मग समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, फरशीवर दोन अंथरल्या आणि माझ्या जुन्याच स्पीकरांवर तेच ध्वनिमुद्रण लावले. तंबोऱ्याच्या तीन तारा वेगळ्या झाल्या. चौथी झाली नाही, आणि माझा जीव त्या चौथीतच अडकला आहे. त्यामुळे गोधडी यांचे म्हणणे बरेचसे मान्य करूनही मी विषय सोडलेला नाही.
अनामत ठेवल्यास विक्रेता डिसेंबरात आठवडाभर जोडी घरी द्यायला तयार आहे. ओहम यांनी आपले मॉनिटर घेऊन त्या रविवारी परभणीला यावे. दोन्हींचा आवाज मोजून एकाच पातळीवर लावू, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. ताईंनी डग्गा ठळक असलेले एक ध्वनिमुद्रण सुचवावे. पडद्यामागे स्पीकरांच्या वायरी बदलण्याचे काम सौभाग्यवतींनी पत्करले आहे. फक्त गोधड्या त्यांना आजच परत हव्या आहेत.