सेकंडहँड कपडे पुष्कळ जमलेत, पण रोजचे जोड लागत नाहीत

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी.

राहते कळव्याला, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे आधी ठाणे, मग पूल चढून ट्रान्सहार्बर लोकलचे नऊ-दहा नंबर फलाट. ऑफिसात ड्रेसकोड असा नाही. हाफपँट आणि रबरी चपला नकोत, एवढी एक मेल अधूनमधून येते. एसी मात्र इतका की मे महिन्यातही अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागतं, आणि बाहेर पडलं की घामाच्या धारा.

नवे कपडे घेणं मी जवळजवळ बंद केलंय. आतले कपडे, मोजे आणि पायातलं सोडून. थोडा पैशाचा भाग आहे, थोडं असं की दुकानात कापड हाताला लागलं की कळतं, हे दोन पावसाळे काढणार नाही. आणि खरं सांगायचं तर शोधण्यात मजा येते.

सध्या कपाटात काय आहे ते सांगते. बाबांचे टेरिकॉटचे फुल शर्ट, बारीक चौकड्यांचे. मावसबहिणीला बाळंतपणानंतर बसेनासे झालेले कुर्ते: एक मोरपंखी, एक आमसुली, एक राणी रंगाचा, त्यावर सोनेरी छाप. इन्स्टाग्रामवरून घेतलेलं मोहरी रंगाचं कॉर्डरॉयचं जॅकेट आणि हिरव्या पट्ट्यापट्ट्यांची पँट. मैत्रिणीच्या सोसायटीत कपड्यांची अदलाबदल झाली त्यात मिळालेला ऑफव्हाइट लिननचा शर्ट. एक काळा ब्लेझर, खांदे बसतात पण अस्तर फाटलंय. शिवाय आजीच्या दोन इरकली, अंग चांगलं आहे, पदर विरलेत.

एकेक वस्तू दाखवली तर तुम्ही 'छान' म्हणाल. पण सकाळी साडेसातला त्यातल्या दोन एकत्र घातल्या की मी नाटकाच्या कपडेपटातून पळून आल्यासारखी दिसते.

कॅप्सूल वॉर्डरोबचे (मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांचं कपाट) व्हिडिओ कृपया सुचवू नका. त्यात सगळे बेज रंगात बुडालेले असतात आणि सुरुवातच 'आधी ही पँट विकत घ्या' अशी. खरंच जुन्या कपड्यांवर रोज वावरणारं कोणी असेल तर सांगा: घेताना काय बघता, घेतल्यावर जोड कसे लावता? आणि इरकलींचं काय करू? कात्री लावायला धीर होत नाही.

गडकरी_कट्टा

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, 'कोणाचे कोण जाणे.' मी आठवण करून दिली की बारशाआधी मला घातलेलं झबलं आत्याच्या मुलाचं होतं, आणि तेही मुद्दाम मागून आणलेलं. त्यावर उत्तर: 'ते घरातलं होतं.' चालू द्या, वाचतोय.

नेरूळ_पूर्व

घरातल्यांचे कपडे ठीक. पण ठेल्यावरची जॅकेटं, ऑनलाइन घेतलेल्या पँटी... ढेकूण, त्वचेचे आजार वगैरेंचं काय करता? चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

टाचणी

अगं खाडीपलीकडची, तुझी यादी पुन्हा वाच. वर घालायच्या वस्तू ढीगभर, त्यातली प्रत्येक 'माझ्याकडे बघा' म्हणणारी. आणि खाली घालायला? एक पट्ट्यापट्ट्यांची पँट. जोड लागणार कुठून?

यात तुझं काही चुकलेलं नाही, जुन्या बाजाराचं गणितच तसं आहे. वरचे कपडे लोक कंटाळा आला की काढतात, खालचे झिजले की. त्यामुळे कुर्ते, शर्ट, जॅकेटं चांगल्या अवस्थेत फिरत असतात आणि धड पँट क्वचित सापडते. सापडलीच तर ती साधी, काळपट निळी असते, तिच्याकडे कोणाची नजर जात नाही. आपला डोळा रंगावर आणि छापावर पडतो. मी नौपाड्यात घरी बसून बरीच वर्षं आल्टरेशनची कामं केली. बायका पिशव्या भरभरून जुने टॉप आणायच्या, 'यात काहीतरी करा' म्हणून. काही करण्यासारखं नसायचं, त्यांना एक करड्या रंगाची सलवार हवी असायची.

म्हणून माझं सांगणं असं की जुन्याचा हट्ट कमरेच्या वर ठेव. खाली दोन-तीन गोष्टी शिवून घे किंवा घरातल्या कोणाच्या पँटी आल्टर करून घे, आणि त्या कंटाळवाण्याच असू देत: नेव्ही, करडा, फार तर मातकट. काळा शक्यतो नको. जुना काळा प्रत्येक कापडावर वेगळा विटतो. एक हिरवट होतो, एक तपकिरी, एक राखाडी. तुझा ब्लेझर आणि दुसरी कुठली जुनी काळी पँट घरातल्या ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटतील, कळवा स्टेशनवर उन्हात उभी राहिलीस की भांडायला लागतील. रंग जुळवायचा तर नेहमी खिडकीत, दिवसा उजेडी.

आता नेव्ही पँट धरून तुझे कपडे बघ. आमसुली कुर्ता चालतो, मोरपंखी चालतो, लिननचा शर्ट चालतोच, त्यावर मोहरी जॅकेट एसीत चालतं. राणी रंगाचा सोनेरी छापाचा कुर्ता ऑफिसच्या जोडात बसवायचा नाद सोड, तो हळदीकुंकवाला घाल. पट्ट्यांच्या पँटीवर फक्त ऑफव्हाइट. बाबांचे शर्ट टेरिकॉटचे, म्हणजे निम्मं पॉलिएस्टर. गाडीत बटणं लावून घातलेस तर उकडून निघशील. सुती बनियनवजा टॉपवर उघडे घाल, ऑफिसात पोचल्यावर. तुझा ओढून घ्यायचा थर तयार झाला, स्टोल नको.

घेताना काय बघायचं? खांदा. खांद्याची शिलाई तुझ्या खांद्याच्या हाडावर पडली तर पुढचं बोलू. छाती, कंबर, लांबी, बाहीची रुंदी हे सगळं आत घेता येतं. खांदा उतरवायचा तर बाही अख्खी उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, नव्याने कापावा लागतो, आणि ब्लेझरमध्ये तर आत पॅड, कॅनव्हास अशी भानगड असते. टेलर नाही म्हणत नाही, पण मजुरीत दुसरा ब्लेझर येईल. तुझे बसतात म्हणालीस, तेव्हा तो जपून ठेव.

सैल करायचं असेल तर कपडा उलटा करून दाब बघ. टेलरकडे शिवलेल्या कुर्त्यात इंचभर कापड आत सोडलेलं असतं, रेडिमेडमध्ये ओव्हरलॉकपुरतं पाव इंच. आणि उसवल्यावर जुन्या टिपेची भोकं आणि न विटलेल्या रंगाची रेघ दिसते, ते आधी मान्य असेल तरच उसव.

कापड ओळखायचं तर आतल्या शिवणीपाशी कापडाचाच एक धागा काढून जाळ. शिलाईचा दोरा जाळू नकोस, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतो आणि सुती कपड्याची उगाच बदनामी होते. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख आली तर सुती, लिनन किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. ठेल्यावर काडी पेटवू नकोस म्हणजे झालं, तिथे चुरगळून बघायचं, घरी आल्यावर खात्री.

मग उजेडासमोर धरायचं: काखा, कॉलरची घडी, कोपर, पँट असेल तर मांड्यांच्या आतली बाजू. फोनवर घेताना नेमक्या याच जागांचे फोटो मागायचे. देत नसतील तर सोडून द्यायचं. पांढऱ्या शर्टाच्या काखेत पिवळा डाग असेल तर क्लोरीनची ब्लीच ओतू नकोस, डाग आणखी पिवळा होतो.

नेरूळ_पूर्व, तुमचा प्रश्न रास्त आहे. सुती कपडा ६० अंशांच्या पाण्यात धुतला की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात, पाणी तापवणाऱ्या मशिनवर तो आकडा असतो. गरम पाणी न सोसणाऱ्या वस्तू पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये चार दिवस. फ्रीझर उणे १८ अंशांचा हवा, बर्फाच्या ट्रेपुरता कप्पा उपयोगाचा नाही. जाड जॅकेट पावसाळ्यात घेऊ नका, आपल्याकडे ते वाळतच नाही आणि बुरशी धरतं. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर उलटंसुलटं करून टाका. डांबरगोळ्यांचा वास मात्र धुवून जात नाही, वाऱ्यावर टांगूनच जातो.

आता इरकली. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) असतो, अंगाच्या धाग्यांना फास घालून जोडलेला. त्यामुळे पदर विरला म्हणजे साडी गेली असं नाही. कापायला हात धजत नसेल तर सध्या कापूच नकोस, ते उत्तम. पण कधी कुर्ता करायचा ठरवलास तर काठ घेराला घे. त्यासाठी कापड आडवं धरावं लागतं, म्हणजे कुर्त्याची लांबी साडीच्या पन्ह्याइतकीच मिळते. बेचाळीस इंची कुर्त्याला ती पुरेल. बेताचा ढगळ शिव, मुंढा सैल, दोन्ही बाजूंना कट. टीप फार बारीक मारू देऊ नकोस, जुन्या कापडाला ती छिद्रं पाडत जाते आणि ते तिथूनच फाटतं. आत पूर्ण मलमलचं अस्तर. टेलर 'अस्तर कशाला, कापड छान आहे' म्हणेल. ऐकू नकोस.

सदरा_सीवूड्स

टाचणीताईंना अनुमोदन, पण काळ्याबाबत नाही. मी काळ्या पँटीवर कधी काळं घालतच नाही, त्यामुळे विटकी काळी पँट माझी सगळ्यात वापरातली आहे. बाकी पुरुष म्हणून आमचं सोपं. वडिलांच्या चुण्यांच्या जुन्या पँटी आता पुन्हा चालतात, फक्त मोहरी, म्हणजे पायाशी येणारा घेर, अरुंद करून घ्यायची. कंबरेला मागच्या शिवणीत बहुतेक इंच-दीड इंच दाब असतो, तिथे सैल होते.

जॅकेटं घेणाऱ्यांसाठी: परदेशी लेबलावरच्या आकड्याला फसू नका. बायकांच्या मापात यूके १०, यूएस ६ आणि युरोपातलं ३८ हे साधारण एकच. तेही कंपनीगणिक बदलतं, तेव्हा घरून मापाची टेप न्यावी आणि स्वतःच्या आवडत्या शर्टाची काखेपासून काखेपर्यंतची रुंदी लिहून ठेवावी. अंगाचं माप नाही, शर्टाचं. ऑनलाइन घेतानाही हाच आकडा विचारायचा. आतल्या पट्टीवर वर्तुळात 'पी' अक्षर असेल तर ते ड्रायक्लीनिंगचं, म्हणजे दरवेळचा खर्च धरूनच किंमत ठरवा.

जाता जाता, वापरलेले कपडे परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. गुजरातेतल्या कांडल्याच्या सेझमध्ये (निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रात) ते निवडून पुन्हा बाहेर पाठवायचं काम चालतं, आणि फाडलेल्या चिंध्या पानिपतला जाऊन त्यांचं सूत आणि घोंगड्या होतात. ठेल्यावरचं 'कोरियन' जॅकेट कुठल्या वाटेने आलंय हे विक्रेत्यालाही ठाऊक नसतं, म्हणून नावाला जादा पैसे देऊ नये.

खालचे कपडे नवेच घ्यायचे असतील तर उल्हासनगर. जीन्स तिथेच शिवल्या जातात.

खाडीपलीकडची

टाचणीताई, सगळं खिडकीत नेऊन बघितलं. ब्लेझर हिरवट निघाला! घरात कधी कळलं नव्हतं. बाबांची एक नेव्ही पँट मागून घेतली आहे, त्यांनी आधी 'ती माझी चांगली आहे' म्हणून नकार दिला, मग आईने परस्पर काढून दिली. कंबर बरीच आत घ्यावी लागेल, त्यात मागचे खिसे एकमेकांना चिकटतील का?

आणि ब्लेझरचं अस्तर. बाहीत फाटलंय, पाठीतही विरलंय. पॅच लावून चालेल की पूर्ण बदलू?

सदरा, काखेपासून काखेपर्यंतची आयडिया भारी. फोनमध्ये लिहून ठेवली.

टाचणी

कंबर दोन इंचांपर्यंत मागच्या शिवणीतून घे. त्याच्यापुढे खिसे जवळ येतात आणि मागून विचित्र दिसतं. जास्त घ्यायची असेल तर बाजूच्या शिवणी पण उसवायला लागतात, पट्टा काढून पुन्हा बसवायचा. तसं टेलरला आधीच स्पष्ट सांग, नाहीतर तो सगळं मागूनच ओढेल. पँट घालून समोर उभी राहा आणि टाचण्या त्याला लावू दे, नुसतं माप देऊन येऊ नकोस.

अस्तर विरलंय म्हणजे पॅचचा उपयोग नाही, पॅचच्या कडेने पुढे फाटत जाईल. पूर्ण बदल. जुनं अस्तर फेकू देऊ नकोस, ते उसवून, इस्त्री करून त्याच्यावरच नवं कापायचं. त्याच्या पाठीत मध्यावर एक उभी चुणी असेल, ती ठेवायला सांग. बरेच टेलर कापड वाचवायला ती गाळतात आणि मग हात पुढे केला की पाठ आवळते, गाडीत वरची कडी धरताना तर शिवणच उसवते. बाहीत सॅटिनसारखं गुळगुळीत अस्तर घे, नाहीतर कुर्त्याची बाही आत गोळा होते. पाठीला सुती लावलंस तरी चालेल, घामाला बरं. अस्तराचं कापड ठाण्यात जांभळी नाक्याला स्वतः विकत घे आणि टेलरकडे ने, टेलरकडचं नको.

रंग काळाच हवा असं नाही. मी असते तर आमसुली लावलं असतं.