प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेट घरी बदलता येईल का?

म्हापसेकर: ॲल्युमिनियमची रोड बाइक. शेलची (फ्रेममधली आडवी नळी, जिच्यात बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँकची बेअरिंग दाबून बसवतात) रुंदी 86.5 मिमी, आतला व्यास 41, क्रँक (पॅडलचा दांडा) शिमानोचा, 24 मिमी ॲक्सलवाला. पाऊस सरल्यापासून जोर लावला की करकर वाजतं. प्रेसचं हत्यार नाही. घरी जमेल?

डिचोलीकर: जमेल, पण आधी दोष नक्की तिथलाच आहे का ते बघा. पॅडलचे आटे आणि चेनरिंगचे बोल्ट सुटले तरी अगदी असंच वाजतं. चेन खाली उतरवून क्रँक फिरवा. खरखर लागली किंवा क्रँक आडवा हलला तर बेअरिंग गेलं समजा.

शिमानोचे कप (बेअरिंग धरणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या) बेअरिंगसकट बदलायचे, उदा. एसएम-बीबी72-41बी. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट 5 च्या ॲलन कीने ढिले करा, ॲक्सलच्या (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाची टोपी काढा, फटीतली छोटी प्लेट वर उचला; क्रँक हाताने निघतो. मग डावीकडून ॲक्सलवर रबरी हातोडा. कप ठोकायला टोकं फाकणारं हत्यार घ्या. स्क्रू-ड्रायव्हरने निघतात खरे, पण एकदा निसटला की शेलला ओरखडा.

फोंड्याचा पाना: प्रेसऐवजी एम12 चा फुल आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. वॉशर कपाच्या बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे. बेअरिंगच्या आतल्या रिंगवर दाब आला तर नवं बेअरिंग बसवतानाच मेलं. एका वेळी एकच कप. पलीकडे वॉशर उघड्या शेलवर. खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन मिलिमीटरची. कप तिरका शिरतोय वाटलं तर नट सोडा, सरळ करा. आवळत राहिलात तर प्लास्टिक सोलवटतं. दुसरा कप बसवण्याआधी दोन कपांमधली नळी विसरू नका.

डिचोलीकर: शेल आतून स्पिरिटने पुसा. खारं पाणी साचलं की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, त्यात लाल माती मिसळली की झाली पॉलिश पेस्ट! ती खरवडून काढा, मग पातळ ग्रीस. शेलच्या तळाला भोक असेल तर तारेने मोकळं करा. सीट ट्यूबमधून उतरलेलं पाणी तिथूनच जातं. आणि स्कूटर धुण्याच्या प्रेशर पंपाखाली सायकल धरू नका, सीलच्या आत पाणी घुसतं.

म्हापसेकर: बोल्ट किती आवळू?

फोंड्याचा पाना: आधी टोपी, 0.7 ते 1.5 न्यूटन-मीटर, म्हणजे बोटांच्या जोराने. खेळ गेला की थांबायचं. जास्त आवळली तर क्रँक जड फिरतो. मग प्लेट खाली दाबून दोन्ही बोल्ट आळीपाळीने 12 ते 14.