शब्दचर्चा: ‘बळी पडणे’ – पडतं कोण, पाडतं कोण?

गोदाकाठची: दिवाळी अंकासाठी रहस्यकथा दिली आहे, गंगापूर धरणाच्या आसपास घडणारी. माझं वाक्य होतं, ‘त्याने तिचा गळा दाबला.’ संपादकांकडून परत आलं ते असं: ‘ती त्याच्या वासनेला बळी पडली.’ व्याकरण बरोबर आहे, कानालाही बरं लागतं. तरी खटकतंय. का, ते कोणी सांगेल का?

पंचवटीकर: क्रियापद बघा ताई. ‘दाबला’चा कर्ता तो, ‘पडली’ची कर्ती ती. मारलं त्याने आणि क्रिया मात्र तिच्या नावावर! शिवाय आपण ‘मोहाला बळी पडली’, ‘भूलथापांना बळी पडली’ असंही म्हणतो. तिथे थोडी चूक तिचीही धरलेली असते, आणि तोच वास इथे चिकटून येतो. बळी देतात, बळी घेतात, बळी जातो, बळी पडतो. पहिल्या दोनांत देणारा-घेणारा दिसतो, पुढच्या दोनांत गायब.

(अवांतर: ‘बळी तो कान पिळी’मधला बळी वेगळा, संस्कृत ‘बलिन्’, बलवान. आपला हा ‘बलि’, देवापुढचा. मराठीत येताना दोघे सारखे दिसू लागले.)

रविवार कारंजा: पण रहस्यकथेत कर्ता लपवावाच लागतो ना? खुनी कोण हे शेवटच्या प्रकरणापर्यंत सांगायचं नसतं. त्यात बाईवर अन्याय कुठे आला?

पंचवटीकर: लपवा की! ‘कोणीतरी तिचा गळा दाबला होता.’ ‘कोणीतरी’ हाही कर्ताच.

जुना लेखनिक: नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोरच्या कोर्टात नोकरी झाली, पंचनामे ढिगाने वाचले. त्यातली भाषा म्हणजे ‘स्त्री जातीचे प्रेत, अंगात हिरव्या रंगाची साडी’. रूक्ष, पण त्यात प्रेत सुंदर नसतं. कथांमध्ये पाहा. पुरुष मेला की त्याला धंदा असतो, घड्याळ असतं, उधारी असते. बाई मेली की गोरा रंग आणि विस्कटलेले केस. तपास अधिकारीही आधी तेच बघतो!

कायद्याचे शब्दही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. 1860 च्या दंडसंहितेत कलम 354 होतं, त्यातल्या ‘मॉडेस्टी’साठी आपण ‘विनय’ घेतला आणि ‘विनयभंग’ रूढ झाला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम 74 झालं, बोलण्यात शब्द तोच राहिला. विनय म्हणजे नम्रता असं शाळेत शिकलो होतो. अंगावर हात टाकला त्याने, भंगली हिची नम्रता? त्यामानाने ‘बलात्कार’ सरळ शब्द आहे. बलात्, म्हणजे बळाने. केलं काय एवढंच सांगतो, तिचं काय ‘गेलं’ ते नाही.

गोदाकाठची: काका, ‘अब्रू लुटली’ याच माळेतलं का?

जुना लेखनिक: त्याच. फारसीत आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा; अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, तेज. मूळ शब्द पुरुषालाही लागतो, म्हणून तर ‘अब्रूनुकसानी’चा दावा कोणीही लावतो. पण ‘लुटली’ म्हटलं की फक्त बाई. आणि लुटतात ती मालमत्ता, म्हणजे मालक दुसराच कोणीतरी आला.

तपोवन: नाशिककरांनी तरी हे ओळखायला हवं. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका कापली म्हणून गावाचं नाव नाशिक, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. (नऊ टेकड्यांवरून नाव पडलं असंही म्हणतात, पण ती गोष्ट रंगत नाही.) ‘नाक कापलं’ म्हणजे लाज गेली. पोरीने पळून जाऊन लग्न केलं की नाक कापलं जातं ते घराचं, आणि गोष्टीत खुनाचं कारण तेच निघतं.

रविवार कारंजा: मग काय, बायकांवरचे गुन्हे लिहायचेच नाहीत? 2018 मध्ये ब्रिटनमध्ये ‘स्टॉन्च’ नावाचं बक्षीस सुरू झालं होतं. ज्या थरारकथेत एकाही बाईला मारहाण, पाठलाग, लैंगिक शोषण, बलात्कार किंवा खून नाही, तिलाच ते मिळायचं. तिथल्या गुन्हेकथा लिहिणाऱ्या लेखिकाच त्यावर चिडल्या. घडतं ते लिहायचं नाही म्हणजे झाकायचं का, असं त्यांचं म्हणणं.

गोदाकाठची: मलाही ते बक्षीस पटत नाही. लिहायचंच आहे, म्हणून तर क्रियापदासाठी भांडतेय. संपादकांना कळवलं, मूळ वाक्य ठेवा. ते म्हणाले, ‘फार कोरडं वाटतं हो.’ मी म्हटलं, असू दे.

जुना लेखनिक: एक विचारू? गळा ‘दाबला’ की ‘आवळला’? हातांनी केलं तर दाबला. दोरी, ओढणी असेल तर आवळला. शवविच्छेदनात दोन्हींच्या खुणा वेगळ्या दिसतात, पुढच्या प्रकरणात डॉक्टर येणार असेल तर वाचक पकडेल.

गोदाकाठची: अरे देवा. ओढणीच आहे, आणि डॉक्टरही आहे. आवळला.