परक्या देशातला बाजारहाट: बेळगावकडच्या मंडळींनो, तुमचे अनुभव सांगा

माझी भाची नर्स आहे. शिक्षण बेळगावातच झालं, आता आयर्लंडमध्ये कॉर्क शहरातल्या एका रुग्णालयात रुजू व्हायला निघाली आहे. व्हिसा, बँकेचं खातं, भाड्याची खोली याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले. पहिल्या आठवड्यात भाजी कुठून आणायची, चटणी-मीठ कसं जमवायचं, दुकानदाराशी बोलायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. पोटाशी गाठ रोज दोन वेळा असते, म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

आपल्या गणपत गल्लीत भाजीवाली कन्नडमध्ये भाव सांगते, आपण मराठीत कमी करून मागतो, पाठीमागचं गिऱ्हाईक हिंदीत विचारतं, आणि तिन्ही व्यवहार एकाच वेळी उरकतात. अशा बाजारात वाढलेल्या माणसाला अनोळखी भाषेतल्या बाजाराचं भय कमी वाटावं, असा माझा विश्वास आहे. तो खरा आहे का, हे तुम्हीच सांगू शकता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठलेही असा, परदेशात राहिला असाल तर लिहा. मोठ्या दुकानांचं थोडक्यात चालेल. आठवडी बाजार, मासळी बाजार, कोपऱ्यावरचं दुकान यांबद्दल भरभरून लिहा.

शहापूर, सध्या द हेग (नेदरलँड्स)

यांच्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा डच भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्या तुर्की बाईंनी कागदावर ट्रामचा नंबर लिहून दिला आणि पिशवी हातात घेऊन दाखवली. तो इथला हाग्से मार्क्ट. युरोपातल्या मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे चार दिवस भरतो.

तिथे बरीचशी भाजी वजनावर नसते. प्लॅस्टिकच्या वाडग्यात भरून ठेवलेली असते आणि एका वाडग्याला एक युरो असा पुकारा चाललेला असतो. आपल्याकडे जमिनीवर वाटे लावलेले असतात, तोच हिशेब. वाडगा निवडायचा आपण, पिशवीत उपडा करणार तो. आतलं एकेक टोमॅटो बदलून मागायची पद्धत नाही. म्हणून मी वाडगा वरून न बघता बाजूने बघते. प्लॅस्टिक पारदर्शक असलं तर तळाला चेंगरलेला माल लगेच दिसतो. रंगीत असलं तर खाली वाकून तळाला ओल आहे का ते पाहायचं. तळ कोरडा असला की माल चांगला निघतो.

मला सगळ्यात जास्त आधार दिला तो सुरिनामी लोकांच्या गाड्यांनी. १८७३ साली 'लल्ला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत गेलं. उत्तर प्रदेश-बिहारकडची ती माणसं उसाच्या मळ्यांवर राबली, तिथेच रुजली. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्याच्या आसपास त्यांच्यातली हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली आणि बरीचशी हेगमध्ये राहिली. त्यांची सरनामी बोली भोजपुरीच्या जवळची. माझी बेळगावची हिंदी आणि गाड्यावरच्या सुरिनामी आजोबांची सरनामी, दोघींनाही व्याकरण नाही, पण कारली कडू आहेत का कोवळी, हे आम्हाला एकमेकांना नीट सांगता येतं. त्यांच्याकडे कारली, भेंडी, दोडकी, हातभर लांब चवळीच्या शेंगा, सगळं असतं. पिवळी मादाम जानेट मिरची दिसायला गोंडस, पण जपून घ्या. एका मिरचीत सहा माणसांची आमटी तिखट होते.

नवीन आलेल्या मुलींना मी एकच सांगते. स्वस्ताईसाठी दहा गाड्या फिरू नका, एक गाडा धरा. चार-सहा आठवड्यांत तो तुम्हाला ओळखायला लागतो. ज्या शहरात कुणीच नावानं हाक मारत नाही, तिथे "आज भेंडी नको घेऊस, कालची आहे" असं कुणीतरी सांगतं, तेव्हा इथे आपलं कुणी आहे असं वाटतं. मला शाळेचा पत्ता, चांगला दातांचा डॉक्टर, जुन्या सायकलींचं दुकान, सगळं त्या गाड्यावरच कळलं.

खानापूर तालुका, सध्या मस्कत

शहापूरच्या ताई बोलल्या ते शंभर टक्के खरं हाय. मी एसीच्या कामावर असतोय. खोलीत आमी सहा जण, दोघं केरळचे, एक हैदराबादचा. शुक्रवारी सुट्टी. पाळीपाळीनं बाजार करायचा.

मत्रहचा मासळी बाजार समुद्राला लागूनच हाय. पहाटे गेलं तर सुरमई, बांगडा, तारली, सगळं ताजं मिळतंय. मासा एकाकडं घ्यायचा, कापून साफ करायला दुसरीकडं द्यायचा, त्याचे पैसे वेगळे. साफ करणाऱ्याला आधीच सांगायचं, डोकं ठेव म्हणून. नाहीतर डोकं टाकून देतात आणि कालवणाची चव तिथंच गेली.

पैशाचं सांगतो. एक रियाल म्हणजे हजार बैसा. पाटीवर ०.८०० लिहिलेलं असतंय, म्हणजे आठशे बैसा. नवीन पोरं प्रत्येक वस्तू रुपयात गुणतात आणि काहीच न घेता परत येतात. असं केलं की पोरगं उपाशी राहतंय, महिन्यात वाळतंय, घरी आई फोनवर रडतीय. गुणाकार सोडायचा. पगारातला एवढा भाग जेवणाचा, असं ठरवून तेवढ्यात नीट खायचं. उन्हातलं काम हाय, पोट रिकामं ठेवून होत नाही.

मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, कापड, अत्तर, लोबान घेताना भाव करावाच लागतोय, दुकानदारही त्याच तयारीनं सांगतोय. भाजीच्या दुकानात मात्र सांगेल तो भाव. हिंदी सगळीकडं चालते. पण आत शिरताना सलाम केला, हालहवाल विचारली, मग वस्तू मागितली, तर माणूस खुलतो. घाईत "कितीला" एवढंच विचारणं त्यांना उद्धट वाटतंय.

बेळगाव (अनगोळ), सध्या स्टुटगार्ट

जर्मनीचं थोडक्यात. रविवारी दुकानं बंद असतात, हे पहिल्या शनिवारच्या आधी माहीत असायला हवं. इथला आठवडी बाजार मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी शहराच्या मधल्या चौकात भरतो. दुपारपर्यंतच. सुटे युरो जवळ ठेवा, सगळ्यांकडे कार्ड चालत नाही. भेंडीचं टोक मोडून, टोमॅटो दाबून बघायची आपली सवय इथे चालत नाही. बोटाने दाखवायचं, विकणारा काढून देतो. "आज संध्याकाळी खायचाय की परवा" असं विचारून तो त्या हिशेबाने ॲव्होकॅडो निवडतो, ही गोष्ट मला फार आवडते.

बटाटे घेताना पाटी वाचा. एक जात उकडल्यावर घट्ट राहते, ती रश्शाला आणि काचऱ्यांना. 'मेलिष' लिहिलेली जात पिठूळ, ती बटाटेवड्याला. क्वार्क नावाचा दुधाचा पदार्थ प्रत्येक दुकानात मिळतो. फडक्यात बांधून थोडं पाणी काढलं की चक्क्याचं काम करतो, गुढीपाडव्याला आमचं श्रीखंड त्याचंच असतं. पाण्याच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळतात. कोथिंबीर हवी तर तुर्की दुकान गाठा. तिथे जुडी मोठी मिळते.

संकेश्वर, सध्या डॅलसजवळ (अमेरिका)

मिरचीच्या गावची आहे, म्हणून मिरचीवरच लिहिते.

इथे भारतीय दुकानं भरपूर आहेत, पण आमच्या घरापासून लांब. नवीन असताना गाडी चालवता येत नव्हती. चालत जाण्याजोगं होतं ते एक मेक्सिकन दुकान. आत शिरले तर समोर सुक्या मिरच्यांची भिंतच! पिशव्यांवर सगळं स्पॅनिशमध्ये. मी एकेक पिशवी उजेडात धरून बघितली. लांब, गुळगुळीत सालीची, काळपट लाल ती गुआहियो. रंग देते, तिखटपणा बेताचा, म्हणजे ब्याडगीच्या जागी घ्यायला चांगली. बारीक, लालभडक, चाकूसारखी ती दे आर्बोल. ती झोंबते, संकेश्वरीच्या जागी तिला घ्यायचं. दोन वाट्या गुआहियोला अर्धी वाटी आर्बोल, बिया अर्ध्या काढून. मंद आचेवर तेलाच्या हाताने परतायच्या, काळ्या पडू द्यायच्या नाहीत. मग भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे-जिरे, गरम मसाला, तळलेला कांदा आणि भरपूर लसूण. कांदा-लसूण चटणी अशी जमली की माहेरून आलेल्या आईनेही दुसऱ्यांदा मागून घेतली. गुआहियोची साल मात्र जाड. मिक्सरमधून काढल्यावर चाळून घ्यावी लागते, नाहीतर रश्श्यात तुकडे तरंगतात.

त्याच दुकानात पिलोन्सियो मिळतो, उसाच्या रसाचा, शंकूच्या आकाराच्या ढेपेत. आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत, गुळाची पारख आम्हाला शिकवावी लागत नाही. हा रंगाने गडद, चवीला किंचित काकवीकडे झुकणारा. पुरणपोळीला चालतो. चिंच, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कच्ची केळी, शेंगदाणे, सगळं तिथेच. वजन पौंडात, एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोला थोडं कमी धरा.

काउंटरवरच्या मावशींना इंग्रजी जेमतेम येत होतं, मलाही तेव्हा बोलायचं धाडस नव्हतं. त्या मला आकडे शिकवायच्या, उनो, दोस, त्रेस. मी त्यांना आमच्या चटणीची बाटली दिली. त्यांनी ती भाकरीसारख्या तोर्तियाला लावून तिथेच खाल्ली. माझी अमेरिकेतली पहिली मैत्रीण त्या मावशी. म्हणून म्हणते, जवळचं भारतीय दुकान शोधाच, पण तोवर दुसऱ्या देशांच्या लोकांची दुकानं परकी समजू नका. मेक्सिकन, व्हिएतनामी, तुर्की, इराणी, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आपल्या ओळखीचं काहीतरी असतंच.

बेळगाव (टिळकवाडी), सध्या मेलबर्न

मुलाकडे कायमचे राहायला आलो आहोत, वय सत्तरीच्या पुढे. येताना कुंदा आणायची फार इच्छा होती. आणू नका. दुधाची भारतीय मिठाई ऑस्ट्रेलियात आणायला बंदी आहे. जे काही खाण्याचं असेल ते विमानतळावरच्या अर्जात लिहून द्यावं, लपवल्यास दंड मोठा.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ पासूनचं आहे. सोमवारी आणि बुधवारी बंद. रविवारी दुपारी आवराआवरीच्या वेळेस फळांचे भाव ओरडून उतरवतात. आम्ही दोघं मुद्दाम तेव्हाच जातो. एवढं मोठं शहर, पण त्या गोंगाटात आम्हाला चांगलं वाटतं.

वडगाव, सध्या जपान

नागोयाजवळच्या लहान गावात राहतो. इथे रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या लाकडी मांडण्या असतात. मुळे, कांदे, वांगी पिशव्यांत भरून ठेवलेली, शेजारी पैशाची पेटी, माणूस कुणीच नाही. बहुतेक पिशव्या १०० येनच्या, म्हणून १०० ची नाणी कायम खिशात ठेवावी लागतात. जपानी न येणाऱ्या माणसाला इतकी सोपी खरेदी दुसरी नाही. मुळा पानांसकट मिळाला तर सोडू नका, पाल्याची भाजी पीठ पेरून उत्तम होते. मोठ्या दुकानात संध्याकाळी उशिरा तयार जेवणावर आणि माशांवर अर्ध्या किमतीच्या चिकट्या लागतात. खाण्याच्या वस्तूंवर ८ टक्के कर असतो, पाटीवर कधी तो धरून किंमत असते, कधी न धरता. दोन आकडे दिसले तर जास्त रकमेचा आकडा द्यायचा. इथला तांदूळ आखूड आणि चिकट. इंद्रायणी खाणाऱ्याला लगेच आवडेल.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने शेजारी बसून सगळं वाचलं. तिचे दोन प्रश्न आहेत. मासे खाणाऱ्याला कॉर्कमध्ये काय मिळेल? आणि घरचा कढीपत्ता बरोबर नेता येईल का?

बेळगाव (कॅम्प), सध्या कॉर्क

मीही नर्सच. पाच-सहा वर्षं झाली इथे. बाळ, कढीपत्ता आणू नकोस. युरोपीय संघात ताजी फळं, भाज्या, पानं आणायला वनस्पती रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. २०१९ च्या डिसेंबरपासून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्यांनाच सूट आहे. म्हणजे नारळ आणू शकतेस, आंबा नाही. कढीपत्ता इथल्या आशियाई दुकानात येतो, आला की दोन पाकिटं घेऊन फ्रीझरमध्ये टाकायचा.

माशांची काळजी नको. शहराच्या मधोमध इंग्लिश मार्केट आहे, १७८८ पासून चालू, रविवारी बंद. मॅकरेल घे, आपल्या बांगड्याच्याच कुळातला, उन्हाळ्यात ताजा आणि परवडणारा. अंगाने जाड असतो, म्हणून तिरफळं घालून आमटी करताना आच थोडा जास्त वेळ ठेव. विक्रेते साफ करून हवे तसे तुकडे करून देतात. बोलायला गोड माणसं आहेत, पण कॉर्कचं इंग्रजी भरभर आणि सुरात असतं, पहिले काही दिवस परत विचारायला संकोचू नकोस. रुग्णांशी बोलताना तेच इंग्रजी कानावर पडणार आहे, तेव्हा बाजारात जितका सराव होईल तितका वॉर्डात उपयोगी.

शनिवारी कोल के नावाच्या रस्त्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. बटाट्यात रूस्टर ही लाल सालीची जात घे, आपल्या भाजीला ती बरी. कापडी पिशवी बरोबर ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीवर २२ सेंट कर आहे. बाटल्या-डब्यांवरही २०२४ च्या फेब्रुवारीपासून अनामत आहे, अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्यापेक्षा मोठ्या बाटलीला २५. त्या चेपून ठेवू नकोस, यंत्र घेत नाही.

ज्वारीचं पीठ इथे कधी मिळतं, कधी नाही. पहिल्या महिन्यापुरतं दोन किलो बरोबर आण, पाकीटबंद. मावशी, तिच्या येण्याची तारीख कळवा. त्या आठवड्यात माझी शनिवारी सुट्टी घेता येते का बघते, बाजार मी दाखवीन.