सगरमाथा राष्ट्रीय उद्यान : बेस कॅम्प टाळून तेंगबोचेपर्यंतच जावे का?

सह्यवाटा (सातारा) :
नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता नेपाळमधील सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात जाण्याच्या विचारात आहोत. दोघेही साठीला आलो आहोत. सह्याद्रीतील गडकिल्ले अजून नेमाने चढतो, परंतु हिमालयातील उंचीचा अनुभव नाही. मुलगा अमेरिकेहून परस्पर काठमांडूला येईल आणि त्याच्याकडे अमेरिकी पासपोर्ट व ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. ज्यांच्याकडे चौकशी केली, त्या सहल कंपनीचे म्हणणे असे की, एव्हरेस्टचा बेस कॅम्प करायचा नसेल तर एवढा खर्च करून जाण्यात अर्थ नाही. आम्हाला मात्र वाटेतल्या तेंगबोचेपर्यंतच जाऊन शिखरे, अरण्य आणि शेर्पांची गावे निवांतपणे पाहायची आहेत. असा बेत कितपत योग्य ठरेल, आणि आमच्या तिघांच्या कागदपत्रांची व शुल्काची व्यवस्था कशी असेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुक्कामपोस्ट (पुणे) :
आधी कागदपत्रांचे सांगतो, कारण आपल्या कुटुंबात दोन प्रकारचे परदेशी आहेत. आपणा दोघांना व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ हवे. आपल्या वयाला आधार कार्ड त्यासाठी चालत नाही, आणि विमानतळावर नेमकी याच मुद्द्यावर अनेकांची अडवणूक होते. चिरंजीवांच्या ओसीआय कार्डाचा नेपाळमध्ये काहीही उपयोग नाही. ते अमेरिकी नागरिक म्हणूनच प्रवेश करतील आणि काठमांडूच्या विमानतळावर त्यांना व्हिसा घ्यावा लागेल. 15 दिवसांसाठी 30 डॉलर आणि 30 दिवसांसाठी 50 डॉलर असा त्याचा दर आहे.

उद्यानाच्या शुल्कातही हाच भेद आहे. सार्क देशांच्या नागरिकांना 1,500 नेपाळी रुपये, इतर परदेशी नागरिकांना 3,000, आणि दोहोंवर 13 टक्के कर. त्याखेरीज खुंबू पासांग ल्हामू गाउँपालिकेचे, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेचे, शुल्क वेगळे भरावे लागते. उद्यानाचे प्रवेशद्वार मोंजो येथे आहे आणि तेथे मूळ ओळखपत्र दाखवावे लागते, तेव्हा ते पाठीवरच्या छोट्या पिशवीत ठेवा. हमालाकडे दिलेल्या बोजात ठेवाल तर त्याची वाट पाहत बसावे लागेल. नेपाळी चलन काठमांडूतच पुरेसे घ्यावे. वाटेतल्या नामचे बाजार या गावी एटीएम आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

हिमरेखा (नाशिक) :
बेत योग्य आहे, इतकेच नव्हे तर आपल्या हेतूला बेस कॅम्पपेक्षा अधिक जुळणारा आहे. 1976 मध्ये स्थापन झालेले आणि 1979 पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे 1,148 चौरस किलोमीटरचे उद्यान म्हणजे केवळ एका शिखराची पायवाट नव्हे. अरण्य साधारण 4,000 मीटरच्या आसपास विरळ होत जाते आणि त्यापुढे खडक, हिमनदीचा राडारोडा व बोचरा वारा यांचेच राज्य असते. शिवाय 5,364 मीटरवरच्या बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसतच नाही, हे जाहिरातीत कुणी छापत नाही! तेंगबोचेच्या गोम्पासमोरून (बौद्ध मठासमोरून) मात्र नुप्त्से-ल्होत्से शिखरांच्या भिंतीमागून डोकावणारे एव्हरेस्ट आणि जवळच उभे असलेले आमा दब्लम ही दोन्ही शिखरे दिसतात. सकाळी लवकर पाहावे; दुपारपर्यंत बहुधा ढग चढतात.

आता उंचीविषयी. कळसूबाई 1,646 मीटर आहे आणि नामचे बाजार 3,440 मीटर, त्यामुळे आपल्याकडील दमसास पायांच्या उपयोगी पडेल, विरळ हवेपुढे त्याचा विशेष उपयोग नाही. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. विमान जिथे उतरते त्या लुक्लाहून पहिल्या दिवशी उतरून फाकदिंग, दुसऱ्या दिवशी नामचे, तेथे एक दिवस जादा, मग खुमजुंग (3,790 मीटर) आणि नंतर तेंगबोचे (3,860 मीटर) असे मुक्काम ठेवले, तर नामचेची चढण वगळता हा नियम सहज पाळला जातो. खुमजुंगला वस्तीला राहायला बहुतेक गट तयार नसतात, पण मी तेच सुचवीन. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने 1961 मध्ये सुरू झालेली शाळा तेथे आहे, आणि दगडी कुंपणांच्या बटाट्याच्या शेतांत पहाटे डांफे (हिमालयीन मोनाल) पक्षी उतरतात. नराचा निळा-हिरवा-तांबूस पिसारा उन्हात झळकत असतो आणि तो स्वतः मान खाली घालून चोचीने ढेकळे उकरण्यात गर्क असतो. एप्रिलमध्ये तेंगबोचेच्या चढणीवर गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो. झाडीत थोडा वेळ शांत उभे राहिल्यास कस्तुरीमृग किंवा हिमालयीन थार (रानबकरी) दिसण्याचा संभव असतो.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर.

सह्यवाटा :
मनःपूर्वक आभार. खुमजुंगचा मुक्काम नक्की करीत आहोत. लुक्लाच्या विमानाविषयी आणि विम्याविषयीही कुणी सांगू शकेल काय?

मुक्कामपोस्ट :
गर्दीच्या मोसमात लुक्लाची बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली धावपट्टीवरून सुटतात, आणि तेथे पोहोचण्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर गाडीने निघून चार-पाच तासांचा प्रवास करावा लागतो. तिकीट काढतानाच विमान कोठून सुटणार ते विचारून घ्या. लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर लांब आणि उताराची आहे, त्यामुळे ढग आले की उड्डाणे थांबतात. परतीच्या बाजूला दोन-तीन दिवस मोकळे ठेवून मगच काठमांडूहून पुढचे आरक्षण करावे. विमा घेताना किती उंचीपर्यंतचे पदभ्रमण आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका त्यात अंतर्भूत आहे, हे लेखी पाहावे, कारण बऱ्याच साध्या प्रवासी विम्यांत दोन्ही वगळलेले असते.

हिमरेखा :
एक राहिले. वाटेत याक किंवा जोप्क्यांचा (याक आणि गाईच्या संकरित जनावरांचा) तांडा आला की नेहमी डोंगराच्या अंगाला उभे राहावे, दरीच्या कडेला नव्हे. पाठीवरच्या रुंद बोजाचा धक्का सहज लागतो. झुलत्या पुलावर तांडा चढलेला असेल, तर तो पूर्ण उतरेपर्यंत पुलावर पाऊल ठेवू नये.